बाळा, तुझ्या छातीवरच्या व्रणाविषयी

सांगली जिल्हा, द्राक्षांचा हंगाम तोंडावर

प्रिय बाळा,

तू मुलगा आहेस की मुलगी, हे मला माहीत नाही. तुझ्या हृदयाचे चारही कप्पे मी पडद्यावर बघितलेत, दोन्ही मूत्रपिंडं बघितलीत, पाठीचा मणका न् मणका बघितलाय. तू मूठ वळून तोंडाजवळ नेतंस तेसुद्धा दिसलं. पण पोरगा का पोरगी, ते नाही. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बोर्ड असतोच, गर्भलिंग निदान केले जात नाही म्हणून. १९९४ चा कायदा आहे. आपल्या जिल्ह्याला त्याची किती गरज आहे, ते २०१७ मध्ये म्हैसाळला पुरलेले भ्रूण सापडले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. मी कधी विचारलं नाही. पुढे हाच कायदा आपल्या कसा उपयोगी पडला, ते सांगतोच.

पत्र लिहायचं कारण, जन्मल्यावरच्या ऑपरेशनने तुझ्या छातीवर पडणारा व्रण. छातीच्या मधोमध, गळ्याच्या खाली सुरू होऊन पोटापर्यंत येणारी उभी रेघ. तू वाचायला शिकशील तोवर ती फिकी झालेली असेल, पण जाणार नाही. कुणीतरी विचारणारच, विहिरीवर पोहायला आलेलं पोरगं नाहीतर शाळेतली मैत्रीण. त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. पण झालं काय, ते आधी माझ्याकडून कळू दे. आज्जीकडून कळलं तर त्यात ग्रहण येईल आणि काकीकडून कळलं तर कुणाची तरी नजर लागलेली असेल.

हे सगळं तू एक दिवस वाचशील असं धरून मी लिहितोय. तसं होणार नाही, असंही होऊ शकतं. डॉक्टरांनी ते आमच्यापासून लपवलं नाही, म्हणून मीही इथे लपवत नाही. एवढं लिहून पुढे जातो.

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी मिरजेत झाली. ॲनोमली स्कॅन म्हणतात, अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान करतात. डॉक्टरीणबाई आधी मोकळेपणाने बोलत होत्या, हे डोकं, हा हात, हा बघा पाय झाडतंय. छातीवर आल्या आणि बोलायच्या थांबल्या. प्रोब एकाच जागी जरा तिरका, परत सरळ, परत तिरका. तुझ्या आईच्या पोटावरची जेल वाळली, ती त्यांनी परत लावली. मी पडदा सोडून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागलो. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्या एकमेकींना ओलांडून जायला पाहिजेत. इथं त्या शेजारी शेजारी सरळ चालल्यात. फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करून घ्या."

इको पुण्यात झाला आणि निदान पक्कं झालं. ट्रान्सपोझिशन ऑफ द ग्रेट आर्टरीज. डॉक्टर नुसतं टीजीए म्हणतात. आता आपल्या घरातही सगळे तेच म्हणतात, आज्जी "टीजे" म्हणते.

मी ठिबक बसवणारा माणूस. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग, इथल्या द्राक्षबागांत मेन लाईन, सबमेन, फिल्टर, व्हॉल्व्ह हेच करत आलोय. डॉक्टरांनी लाल आणि निळ्या पेनाने चित्र काढलं तेव्हा मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. हृदयाचा उजवा कप्पा वापरलेलं रक्त फुफ्फुसाकडे ढकलतो. तिथे त्यात ऑक्सिजन मिसळतो, ते डाव्या कप्प्यात येतं आणि महाधमनीतून अंगभर जातं. तुझ्यात या दोन धमन्यांची अदलाबदल झालीय. महाधमनी उजव्या कप्प्याला आणि फुफ्फुसाची धमनी डाव्याला. म्हणजे विहिरीचं पाणी फिरून परत विहिरीत पडतंय आणि बागेत निथळलेलं पाणी बागेतच फिरतंय. दोन्ही मोटारी चालू, दोन्हीकडे प्रेशर चांगलं, आणि वेलीला ताजा थेंब नाही.

पोटात तुला याचा काहीच त्रास नाही. तिथे फुफ्फुसांना काम नसतं, ऑक्सिजन आईच्या रक्तातून वारेमार्फत येतो. वजन वाढतंय, लाथा मारतंस, तुझ्या आईला रात्री कूस बदलू देत नाहीस. अडचण नाळ कापल्यावर सुरू होते. जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळाच्या हृदयात दोन वाटा उघड्या असतात, वरच्या दोन कप्प्यांमधलं एक भोक आणि दोन्ही धमन्यांना जोडणारी एक छोटी नळी. त्या हळूहळू मिटतात आणि इतर बाळांचं त्यावाचून काही अडत नाही. तुझं रक्त एकमेकांत मिसळायला मात्र त्याच दोन वाटा आहेत.

हे कशामुळे झालं? डॉक्टरांनी विचारलं, नात्यातलं लग्न आहे का? नाही. आईला आधीपासून साखर आहे का? नाही. कसल्या गोळ्या चालू होत्या? फक्त फॉलिक ॲसिडच्या. ते म्हणाले, बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. हजार बाळांमागे आठ-नऊ जणांच्या हृदयात जन्मतः काही ना काही कमीजास्त असतं. त्यातला हा एक प्रकार.

आज्जीला हे पटलं नाही. तिने तुझ्या आईला विचारलं, "गिराणात इळी हातात घेटली व्हतीस का गं?" तुझी आई काही न बोलता उठून आत गेली. मी आज्जीला समोर बसवून सांगितलं की हृदयाची घडण पहिल्या दोन महिन्यांतच होऊन जाते. हिला उलट्या सुरू झाल्या तोवर नळ्या जिथं बसायच्या तिथं बसल्या होत्या. तेव्हा ग्रहण होतं का नव्हतं, विळीवर कांदा चिरला का भोपळा, त्याचा काही संबंध नाही. आज्जीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तासगावच्या गणपतीला जाऊन नवस बोलून आली. नवसाचं मला वावडं नाही. तुझ्या आईवर आळ येत नसेल तर पाहिजे तेवढे नवस बोला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, लसूण सोलता सोलता आज्जीने एक गोष्ट सांगितली. तिच्या पाठीवर एक बाळ झालं होतं. गोरंपान, अंगाने चांगलं. दुसऱ्या दिवसापासून नखं, ओठ निळे पडायला लागले आणि आठवड्याच्या आत गेलं. त्याला काय होतं, कुणालाच कळलं नाही. सुईणीने बाहेरचं आहे म्हणून सांगितलं आणि आज्जीच्या आईला लोकांनी पुढे आयुष्यभर टोचून खाल्लं. एवढ्या वर्षांत हे आज्जीच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

आता निर्णयाचं. डॉक्टरांनी आम्हाला दोन्ही वाटा सांगितल्या. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानुसार बाळात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. त्यांनी करा म्हटलं नाही, नका करू असंही म्हटलं नाही. ज्यांनी ती वाट धरली असेल त्यांना मी एक शब्द बोलणार नाही. प्रत्येक बाळाचं दुखणं वेगळं, प्रत्येक घराची ताकद वेगळी. आम्ही विचारलं, ऑपरेशन केलं तर? जिथे हे ऑपरेशन नेहमी होतं तिथे शंभरातली नव्वदच्या वर बाळं घरी जातात, असं उत्तर आलं. शाळेत जातात, पळतात, खेळतात. तपासणी मात्र जन्मभर करत राहायची.

बाहेर आलो. तुझ्या आईने कॅन्टीनमध्ये दोन चहा सांगितले, तिचा अर्धा प्याली आणि म्हणाली, "मग पुण्यात खोली बघायला लागंल." निर्णय म्हणतात तो एवढाच झाला.

गावात आल्यावर भावकीतले एकजण भेटायला आले. नाव लिहीत नाही, तू त्यांना आबाच म्हणशील. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते पोरगं हाय का पोरगी तेवढं काढून घेतलं असतंस, तर ठरवायला सोपं गेलं असतं की." मला कळायला जरा वेळ लागला. मुलगा असेल तर खर्च करायचा, मुलगी असेल तर बघायचं, असा हिशोब. मी म्हटलं, "मशीनवर हृदय बघायला गेलतो आबा, तेवढंच बघून आलो." त्यावर बोलायला त्यांच्याकडे काही उरलं नाही. मघाशी म्हटलं ना, कायदा उपयोगी पडला. माहीत असतं तरी आम्ही हेच केलं असतं. पण माहीत नाही म्हटल्यावर तो विषय घरात शिरायलाच जागा राहिली नाही.

जाताना उंबऱ्यात थांबून म्हणालेच, "बरं, पोरगी झाली तर कुठं बोलू नका. पुढं सोयरीक जमायला अवघड जातंय."

त्याच रात्री आम्ही ठरवलं, सगळ्यांना सांगायचं. आज्जीच्या आईने तोंड मिटून सोसलं, त्याने काय मिळालं? तू मुलगी असलीस तर बंद गळ्याचे कपडे शिवायचा सल्ला तुला फुकट मिळेल. पटेल ते घाल.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तुझ्या आईचं माहेर जतला. मामाने बाज नव्याने विणून ठेवली होती, तिकडच्या आजीने डिंक, खारीक, आळीव सगळं भरून ठेवलं होतं. त्यांना नाही म्हणणं मला डॉक्टरांना भेटण्यापेक्षा जड गेलं. पण नवजात बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन मोजक्याच ठिकाणी होतं. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला, पुढे पार कर्नाटकातून माणसं मिरजेला यायला लागली, आणि आम्ही मिरजेच्या शेजारी राहून पुण्याला चाललोय. डॉक्टरांचं म्हणणं सरळ आहे: बाळाला हलवायचं तर आईच्या पोटातूनच हलवा, जन्मल्यावर नको. तिकडच्या आजीने ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "मग मीच येते पुण्याला. गॅस हाय का खोलीत?" डिंकाची पिशवी आता पुण्याला चाललीय.

तिथे काय होणार तेही ऐक. जन्मल्यावर तुला प्रोस्टाग्लँडिनचं सलाईन लागेल, ते ती छोटी नळी मिटू देत नाही. त्याने कधी कधी बाळ श्वास घ्यायचं थांबतं, म्हणून व्हेंटिलेटर शेजारीच ठेवतात. गरज पडली तर शिरेतून एक बारीक फुगा हृदयापर्यंत नेऊन वरचं भोक मोठं करतात, अमेरिकेतल्या डॉ. रॅशकिंड यांनी १९६६ मध्ये ही पद्धत दाखवली. मग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मोठं ऑपरेशन. त्याला उशीर चालत नाही. डाव्या कप्प्याला फक्त फुफ्फुसापर्यंत रक्त ढकलायचं हलकं काम राहिलं की त्याची ताकद उतरते, आणि नंतर अंगभर रक्त पोचवायला तो कमी पडतो.

छाती उघडायची, रक्त मशीनवरून फिरवायचं, हृदय थांबवायचं, दोन्ही धमन्या कापून ज्याच्या त्याच्या कप्प्याला शिवायच्या. मला वाटलं होतं अवघड काम हेच. डॉक्टर म्हणाले, नाही, खरं काम कोरोनरीचं. हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या धमन्या महाधमनीच्या बुडाशी असतात, तुझ्या वयाला जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या. त्या भोवतीच्या गोल तुकड्यासकट सोडवून नव्या जागी लावायच्या, पीळ न पडता, ताण न येता. ब्राझीलच्या डॉ. जातेने यांना हे १९७५ मध्ये पहिल्यांदा साधलं. आज्जीच्या पाठचं बाळ त्याच्या कितीतरी आधीचं.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले योजनेच्या आरोग्यमित्रांना भेटलोय, रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स एका पिशवीत आहेत, तुझ्या आईने दोन पाटल्या काढून ठेवल्यात. आकडे लिहीत नाही, तो हिशोब तुझ्या डोक्यावर नको.

सगळ्यांना सांगितल्यावर काहीजणांनी फोन करायचे बंद केले, ते ठीक आहे. पण ज्यांच्या बागांत मी वर्षानुवर्षं पाईप जोडले ती पोरं एक दिवस दारात येऊन उभी राहिली. रक्त लागतं म्हणून कुठूनतरी ऐकलं होतं. मी म्हटलं, बाळाचा गट जन्मल्यावर कळंल, मग फोन करतो. त्यातला एकजण म्हणाला, "गट कुठलाबी निघू दे. आमचा जुळला तर देऊ, नाहीतर बदली देऊ. जीप भरून येतो." अट एकच घातली. त्या दिवसांत माल उतरायची घाई असते, व्यापारी गाडी घेऊन बांधावर उभा असतो, तर तारीख दोन दिवस आधी कळवा.

मी हो म्हणून बसलोय. तारीख तुझी तू ठरवणार, मी कुठून कळवू त्यांना?

तुझे,
पप्पा