बंब मोडीत देऊ नका

हैदराबाद, १४ सप्टेंबर

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा फोनवर बाबा सहज बोलून गेले की माळ्यावरचा तांब्याचा बंब मोडीत द्यायचा आहे, कारण तांब्याला सध्या भाव चांगला आहे. तेव्हा मी काहीच बोलले नाही. फोनवर मला चटकन काही सुचत नाही, म्हणून लिहीत आहे.

माझा जन्म १९७२ च्या दुष्काळातला, त्यामुळे मला आठवते ते वाईचे घर १९८० च्या आसपासचे. त्या घरात भिंतीवरच्या घड्याळापेक्षा बंब आणि रेडिओ यांच्यावरच सकाळ चाले. पुणे केंद्राच्या सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या लागण्याआधी आजोबांची आणि बाबांची आंघोळ उरकलेली असे, बातम्या संपता संपता दादाची होई आणि त्यानंतर माझी पाळी येई. जेवढे गरम पाणी काढावे तेवढे गार पाणी वरून ओतावे, हा घरचा कायदा दादाने कधीही पाळला नाही, हे मी आज लेखी नोंदवून ठेवते.

बंब पेटवायला मला बाबांनी शिकवले. जाळीखालची कालची राख काढून भांडी घासण्यासाठी आईच्या डब्यात भरायची, मग मधल्या नळकांड्यात कागदाचा बोळा, त्यावर नारळाच्या शेंड्या आणि त्या धरल्या की लाकडाच्या ढलप्या सोडायच्या. घाईने कोंबले की न्हाणीघरभर धूर होई. पावसाळ्यात शेंड्या दमट असत, तेव्हा थोडे रॉकेल ओतण्याचा मोह मला होई. पण रॉकेल रेशनचे, स्टोव्हपुरतेच, म्हणून बाबांनी ते कधी करू दिले नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी मात्र त्याच काळ्या बंबाला चिंच आणि राख लावून आम्ही दोघे हात दुखेपर्यंत घासत असू, आणि मग आई त्यावर चुन्याची बोटे उमटवून झेंडूची माळ घाली.

हे सगळे आठवताना एका ठिकाणी मी अडकले. घरातल्या प्रत्येकाची पाळी मला पाठ आहे, आईची मात्र आठवत नाही. मी डोळे चोळत न्हाणीघरात येई तेव्हा बंब नुकता पेटत असे आणि आई, तुझे केस ओले असत. म्हणजे जानेवारीच्या थंडीतसुद्धा तू गार पाणीच अंगावर घेत होतीस का? इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलेच नाही.

बाबा, निदान दिवाळीपर्यंत थांबा. तोटी गळते हे मला ठाऊक आहे. सूत गुंडाळून मी ती बसवीन. शेंड्या तेवढ्या उन्हात वाळवून ठेवा. नरक चतुर्दशीला पहाटे बंब मी पेटवणार आहे आणि पहिली आंघोळ आईची.

तुमची,
धाकटी