नंदूस पत्र: चार कोपऱ्यांची चार इंजिनं

ऐरोली, २१ मे

प्रिय नंद्या,

तुझ्या पोरांचा विमानाचा आराखडा पाहिला. चाळीस माणसं घेऊन नाशिकहून सरळ वर उठायचं आणि ठाण्यात गच्चीवर उतरायचं! घोडबंदर रोडला रोज अडकणाऱ्या माणसाला याने गुदगुल्या होणारच. पण पंखांच्या टोकांना लावलेली उभी जेट इंजिनं काही मला पटली नाहीत.

जर्मनांनी हे करून पाहिलंय. डॉर्निअर डीओ ३१, पहिलं उड्डाण १९६७. पंखांखाली फिरत्या नोझलची (झोताची दिशा वळवणाऱ्या तोंडांची) दोन पेगॅसस जेट इंजिनं आणि टोकांच्या डब्यांत चार-चार छोटी जेट, फक्त वर उचलण्यापुरती. एकूण दहा! वेग आला, पंखांनी भार घेतला, की त्यातली आठ नुसतं ओझं. शिवाय त्या डब्यांचा वाऱ्याला अडथळा. विमान उडालं झकास, पण १९७० मध्ये प्रकल्प गुंडाळला.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. वीस मीटरवर विमान अधांतरी आहे, वेग शून्य, पंख काहीच उचलत नाहीत, अशा वेळी तुमच्या चारांपैकी एक कोपरा गेला तर? विमान तिकडे कलंडणार, आणि सावरायला उंचीच नाही. म्हणून ऑस्प्रेवाल्यांनी (ते पंखांच्या टोकांचे रोटर, म्हणजे मोठे पंखे, वर-पुढे वळवणारं अमेरिकन विमान) दोन्ही रोटर पंखातून जाणाऱ्या शाफ्टने, म्हणजे फिरत्या दांड्याने, जोडले. दोन इंजिनं, प्रत्येकी ६,१५० अश्वशक्तीची. एक गेलं तरी दुसरं दोन्ही रोटर फिरवतं. पूर्ण भरलेलं असलं तर एकावर ते तरंगत राहणार नाही, पण निदान उलटणार तरी नाही. मला विचारशील तर त्या विमानातली सगळ्यात शहाणी वस्तू तो शाफ्टच.

आणि रोटर मोठे घ्या रे. वजन तेच ठेवून रोटरचं क्षेत्रफळ चौथाई केलं, तर तरंगायला दुप्पट शक्ती लागते. ऑस्प्रेचा एकेक रोटर ११.६ मीटर व्यासाचा आहे, तरी त्याच्या खालचा वारा माणूस पाडतो. तुमच्या जेटच्या झोताखाली कुठल्या सोसायटीची गच्ची टिकेल? तीच गरम हवा परत इंजिनात शिरली की जोर घटतो, तो वेगळाच.

गणित १५ अंश तापमानावर केलेलं दिसतंय. इथे आत्ता पस्तीस आहे! एवढ्यानेच हवेची घनता साडेसहा टक्क्यांनी उतरते. शक्ती जास्त लागते आणि इंजिन नेमकं तेव्हाच कमी देतं.

तेव्हा पस्तीस अंश आणि एक इंजिन बंद, असं धरून पुन्हा आकडे काढायला सांग. गिअरबॉक्स आणि शाफ्टचं वजनही त्यात धरा, पोरं ते हमखास गाळतात. नवा कागद आला की लगेच पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिल्या