पोर्टल त्यांचं, टायपिंग आमचं

महोदय,

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातूचे पार्ट कातायचं, वर्कशॉप आहे. मशीन माझे मिस्टर बघतात, बिलं आणि डिस्पॅच माझ्याकडे. मोठे ग्राहक चार. त्यांची व्हेंडर पोर्टल (माल पुरवणाऱ्यांनी, म्हणजे आम्ही, बिलं भरायच्या त्यांच्या वेबसाइट) चार, पासवर्डही चार. (ते टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलेत, हे त्यांच्या आयटीवाल्यांनी वाचू नये.)

आमची उलाढाल पाच कोटींच्या जरा वर, त्यामुळे १ ऑगस्ट २०२३ पासून आम्हाला ई-इनव्हॉइस लागू झालं. बिल सरकारी पोर्टलवर गेलं की आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा सरकारी नोंदणी नंबर, आणि क्यूआर कोड मिळतो. हे बिल ज्या जेसन (JSON) फाईलमधून जातं तिचा साचा सगळ्या देशाला एकच, आणि त्यात ग्राहकाचा पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर टाकायलाही जागा आहे. एवढं असून तेच बिल मी ग्राहकाच्या पोर्टलवर पुन्हा हाताने भरते. पीओ नंबर, त्यातल्या ओळीचा लाइन नंबर (१०, २०, ३० असे दहाच्या पटीत, का ते विचारू नका), पार्ट नंबर, नग, क्रेट. एकाला पार्ट नंबर डॅशसकट लागतो, दुसऱ्याचं पोर्टल डॅश दिसला की लाल होतं. हे झाल्यावर एएसएन, म्हणजे माल येतोय अशी आगाऊ सूचना, निघतो, तो छापून क्रेटला लावायचा. टेम्पोवाला बाहेर हॉर्न देत असतो.

टायपिंगचं एक वेळ सोडून देऊ. गेल्या वर्षीचा एक बुधवार मात्र डोक्यातून जात नाही. २,००० नग चाकणला पाठवले, दर ३८.६०. ग्राहकाने आदल्या दिवशी पीओ अमेंड करून दर ३८.४८ केला होता. त्याची मेल गेली आमच्याकडून कधीच सोडून गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर. एएसएन बिनबोभाट निघाला, पण गेटवर बिल स्कॅन झालं आणि माल अडला. फरक बारा पैशांचा, म्हणजे सगळा मिळून २४० रुपये. गेटवरच्या माणसाला दोष देत नाही, त्याच्या स्क्रीनवर ‘स्वीकारा’ नाहीतर ‘परत पाठवा’ एवढीच दोन बटणं. टेम्पो परत आला. गुरुवारी आमची सुट्टी. शुक्रवारी ऑफिस उघडेपर्यंत आयआरएन रद्द करायचे २४ तास उलटून गेले होते. मग जुनं बिल वळतं करायला क्रेडिट नोट, नवीन नंबरचं बिल, पुन्हा एएसएन, पुन्हा भाडं. आणि तिकडे त्यांची उत्पादनाची लाइन आमच्या पार्टसाठी खोळंबलेली, म्हणून त्यांच्याच परचेसचा माणूस मला दर तासाला फोन करत होता.

माझा भाचा हिंजवडीत असलीच सॉफ्टवेअर करतो. त्याला हे सगळं सांगितलं, तर म्हणाला, “आत्या, रिक्वायरमेंट देतो तो कस्टमर. व्हेंडरला कोण विचारतंय?” दोन कंपन्यांना जोडणारा प्रोग्राम एकाच कंपनीच्या मीटिंग रूममध्ये ठरतो, हे त्याला अजिबात विचित्र वाटत नव्हतं.

याउलट आमच्या पार्टना मुलामा देणारा प्लेटिंगवाला. त्याच्याकडे माल अजून कागदी चलनावर जातो. एक्साइज जाऊन २०१७ साली जीएसटी आला, तरी आमच्याकडे जॉबवर्कच्या (बाहेरून करून घ्यायच्या कामाच्या) चलनाला लोक ‘सत्तावन्न एफ फोर’ हे एक्साइजच्या जुन्या नियमाचंच नाव घेतात. त्या चलनाला शेऱ्याचा रकाना असतो. आठ नग कमी भरले तर तो तिथे ‘८ कमी’ लिहून सही करतो, मी पुढच्या खेपेला वळते करते, काम पुढे सरकतं. पुन्हा कागदाकडे जा असं मी म्हणत नाही, वही हरवली की काय होतं तेही पाहिलंय. पण दोन कंपन्यांच्या नोंदी कुठेतरी जुळणार नाहीत हे त्या चलनाने आधीच धरलेलं असतं. पोर्टलने ते धरलेलं नाही. तिथे आठ नग कमी दिसले की आमचे पैसे कापणारी डेबिट नोट आपोआप निघते आणि मला उत्तर लिहायला जागाच नसते. दरात फरक असेल तर माल आत घेऊन फरकाची नोट काढता येते. ते बटण कुणीतरी ठेवायला हवं होतं.

तारखेचंही तसंच. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात माल प्रत्यक्ष पोचला तो दिवस महत्त्वाचा. हरकत घ्यायची तर १५ दिवसांत, तीही लेखी. करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या पुढे ढकलता येत नाहीत. पोर्टल मात्र दिवस मोजतं जीआरएनपासून, म्हणजे तपासणीनंतर माल मिळाल्याची नोंद होते तेव्हापासून. आमचे क्रेट इन्स्पेक्शनला नऊ दिवस पडून होते, ते नऊ दिवस हिशोबात नाहीत. गेट एन्ट्रीची तारीख त्यांच्या सिस्टीममध्ये असणारच, फक्त व्हेंडरच्या स्क्रीनवर ती येत नाही. ही चूक आहे की सोय, ते मी काय सांगू?

मोठ्या कंपन्यांना एवढीच विनंती की सरकारी साच्यातली जेसन फाईल आहे तशी घ्या, शेऱ्याचा रकाना द्या आणि गेटची तारीख दाखवा. आणि नवीन पोर्टल करायला घ्याल तेव्हा ते करणाऱ्या मुलांना एखाद्या संध्याकाळी पाच ते सात आमच्या डिस्पॅचला पाठवा. चहा आमच्याकडून. फक्त गुरुवारी नको, त्या दिवशी शटर बंद असतं.

— एक लघुउद्योजिका, भोसरी