आईची शस्त्रक्रिया, मिरजेतील खोली आणि विम्याचा दावा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी काल मिरजेच्या रुग्णालयात साधी स्वतंत्र खोली नक्की केली. बाबा, तुम्ही पसंत केलेली डिलक्स खोली घेतलेली नाही. न विचारता ठरवले म्हणून तुम्हाला वाईट वाटेल, म्हणूनच कारण सविस्तर लिहिते.

आपली पॉलिसी ३ लाखांची आहे आणि तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. डिलक्स खोलीचे भाडे ६,०००. वरचे तीन हजार आपण भरू, असे तुम्ही म्हणालात. पण खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची घेतली, की डॉक्टरांची फी, भूलतज्ज्ञांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचे शुल्कही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच मंजूर होते. औषधे, तपासण्या आणि बसवायचा कृत्रिम सांधा यांना ही कात्री लागत नाही, तरीही आपल्या वाट्याला येणारी रक्कम थोडीथोडकी नसेल, आणि ती भरण्यासाठी तुम्ही मला न सांगता एखादी ठेव मोडाल. २०१९ च्या पुरानंतर काय केले होतेत, ते मी विसरलेले नाही.

दादा खोली पाहून आला आहे. कमोडजवळ धरायला दांडा आहे, बाबांना आडवे होता येईल असा सोफा आहे, आणि आईसाठी मऊ भाकरी व मुगाची आमटी रोज विश्रामबागहून मावशी पाठवणार आहे. माझ्या टॉन्सिलच्या वेळी, आई, तू वॉर्डातल्या दोन खाटांमध्ये सतरंजीवर झोपलीस आणि सकाळी ‘छान झोप लागली’ म्हणालीस. तेव्हापासून ‘मला कुठेही चालेल’ या तुझ्या बोलण्यावर मी विश्वास ठेवत नाही. म्हणूनच दादाला सोफ्यावर बसून, दिवे लावून सगळे तपासायला सांगितले होते.

आता काही गोष्टी मात्र सांगते तशाच करायच्या. दाखल होताना मधुमेह कधीपासून आहे असे विचारतील, तेव्हा अंदाजाने वर्षे सांगू नका; जुनी फाइल पाहूनच सांगा, कारण केस पेपरवर लिहिले जाते तेच विमा कंपनी वाचते. आपली पॉलिसी खंड न पडता ६० महिन्यांहून अधिक काळ चालू असल्यामुळे, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, आजार लपवला असे म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. तरी उगाच पत्रव्यवहार कशाला ओढवून घ्यायचा?

कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यावा, असा विमा नियामकाचा २०२४ पासूनचा नियम आहे. पहिली मंजुरी बहुधा अपुऱ्या रकमेची येते. बाबा, ती पाहून रक्तदाब वाढवून घेऊ नका, उरलेली अंतिम बिलाच्या वेळी येते. हातमोजे आणि तत्सम किरकोळ वस्तूंचे पैसे मात्र आपल्यालाच भरावे लागतील, त्यावरून काउंटरवर वाद घालू नये. घरी सोडण्याच्या दिवशी रुग्णालयाची विनंती गेल्यावर कंपनीला ३ तासांत अंतिम मंजुरी द्यावी लागते, पण रुग्णालयाचे बिल तयार व्हायलाच दुपार होते. डॉक्टर सकाळी ‘आज घरी’ म्हणाले तरी जेवून घ्या, गोळ्या चुकवू नका आणि दादाचा फोन येईपर्यंत रिक्षा बोलावू नका.

दाखल होण्याआधीच्या ३० आणि घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांची औषधे, तपासण्या व फिजिओथेरपीची बिले नंतर वेगळी पाठवून मिळतात. त्यासाठी प्रत्येक बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली हवी. मेडिकलवाल्याने वहीत लिहिलेला हिशेब चालत नाही, तो कितीही ओळखीचा असो. काही नाकारलेच, तर कारण लेखी मागायचे, आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जायचे आणि तिथे दाद न लागल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. ते सगळे मी पाहीन, तुम्ही दोघांनी त्याची चिंता करायची नाही.

मी शुक्रवारी रात्री पोहोचते. तोवर बाबांनी लोखंडी कपाटातून पॉलिसी, दोघांची आधार कार्डे आणि रद्द केलेला एक धनादेश काढून ठेवावा, आणि आईने माझ्यासाठी काहीही करायला ओट्यापाशी उभे राहू नये.

तुमची,
धाकटी