परतावा वेगळा, भरपाई वेगळी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "तिकिटाचे पैसे आले ना परत, मग विषय संपला." मला ते अजिबात पटलं नाही.

परत आले ते तुमचेच पैसे. विमान ऐनवेळी रद्द केल्याची भरपाई वेगळी, आणि ती कंपनी तुम्हाला देणं लागते. डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं; त्याच्या नियमाप्रमाणे विमान रद्द होणार हे दोन आठवडे आधी कळवायचं, नाहीतर निदान चोवीस तास आधी कळवून दुसरं विमान किंवा पैसे परत, यातलं प्रवाशाला हवं ते द्यायचं. तुम्हाला मेसेज आला तो लोहगावला सामान देण्याच्या रांगेत! पुणे-दिल्ली प्रवास दोन तासांच्या वरचा, म्हणून माणशी १०,००० रुपये किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतली कमी असेल ती रक्कम मिळायला हवी. कर आणि विमानतळाचं शुल्क यात धरत नाहीत. भाड्याची ती फोड तिकिटावर असते, तेव्हा छापील प्रत रद्दीत टाकू नका.

कंपनी बहुतेक 'कारण आमच्या हाताबाहेरचं होतं' असं म्हणेल. धुकं, वादळ, सुरक्षेचा प्रश्न असं खरंच असतं तर भरपाई मिळाली नसती. पण आई, तूच सांगितलंस की त्याच वेळी दिल्लीची दुसरी विमानं सुटत होती आणि काउंटरवरची मुलगी 'क्रू नाही' म्हणाली. तिचे शब्द तारीख-वेळेसकट आजच वहीत लिहून ठेव. सगळा दावा त्यावर उभा आहे.

आणि बाबांना साखर असताना जेवणाची वेळ टळून गेली, तरी कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही! ताटकळणाऱ्या प्रवाशांना खाणंपिणं देणं हेही नियमातच आहे. हे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तक्रारीत तेही लिहिलंय.

आधी कंपनीला ईमेल करू. पुढच्या प्रवासाचं व्हाउचर देऊ केलं तर घेऊ नका, पैसे खात्यातच मागा. दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार, किंवा ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन. तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथेच, म्हणजे पुण्यातच, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, वकील लागतोच असं नाही, आणि एवढ्या रकमेला फीही नाही.

बाबा, "या वयात कुठे भांडत बसायचं" असं म्हणू नका. ग्राहक पंचायत १९७४ मध्ये आपल्या पुण्यातच उभी राहिली, ती असं हक्काचं मागणाऱ्या साध्या माणसांच्या जोरावर.

मसुदा तुमच्या मेलवर टाकलाय. नावं आणि पीएनआर तिकिटाशी ताडून बघा, मेसेजचा स्क्रीनशॉट जोडा आणि आजच पाठवून द्या. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची,
मीनू