पित्ताची कॅप्सूल

चि. मनू,

तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तीनदा वाचलं. एकदा नुसतंच, एकदा पेन्सिल घेऊन, आणि एकदा बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते दुसऱ्या पानावर घोरायला लागले, पण माकडांचा भाग आला तसे उठून बसले.

मलाही तोच भाग आवडला. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस, तिथून जीएनआरएच नावाचं संप्रेरक निघतं, ते पीयूषिका ग्रंथीला हुकूम देतं आणि ती पुढे अंडाशयाला, इथवर मी बारावीच्या वर्गाला वर्षानुवर्षं शिकवलं. पण हा हुकूम अखंड नसतो, थांबून थांबून सुटतो, हे फळ्यावर काढलेल्या बाणांतून कुठे कळतं? अमेरिकेत पिट्सबर्गच्या अर्न्स्ट क्नोबिल या शास्त्रज्ञांनी माकडिणींच्या मेंदूतला तो झराच बंद पाडला आणि संप्रेरक बाहेरून दिलं. सलाइनसारखं सतत सोडलं, तर पीयूषिका ढिम्म. तेच दर तासाला सहा मिनिटं दिलं, की ती कामाला लागली. १९७८ सालची गोष्ट. (माकडिणींचं वाईट वाटलं, ते वेगळं.)

मला तू आठवलीस. शाळेत असताना सकाळी एकसारख्या हाका मारल्या, तर तू कूससुद्धा बदलायची नाहीस. एक हाक मारून मी चहा टाकायला जायचे, परत येऊन दुसरी मारली की लगेच, "उठलेय ना गं!" आणि गंमत म्हणजे, त्या न थांबणाऱ्या हाकेचंच पुढे औषध झालं. प्रोस्टेटच्या कर्करोगात किंवा सातव्या वर्षी वयात येऊ लागलेल्या मुलीत पीयूषिकेला गप्प करायला ते देतात, हे तू लिहिलंयस. तिथे मी पेन्सिलीने 'वा' लिहिलंय.

आता प्रोलॅक्टिनच्या, म्हणजे अंगावर दूध आणणाऱ्या संप्रेरकाच्या, परिच्छेदाबद्दल. तो तू दहा ओळींत उरकलास. माझ्याकडे त्याचं जास्त आहे, फक्त तुला कधी सांगितलं नाही.

२०१२ साल. तू सातवीत, मी एकोणचाळीस. पेपर तपासणीच्या दिवसांत जेवणाची वेळ राहिली नाही आणि पित्त उसळायला लागलं. डॉक्टरांनी एक कॅप्सूल लिहून दिली, सकाळी उपाशीपोटी. पंधरा दिवसांची होती. बरं वाटलं म्हणून मी मेडिकलमधून आणत राहिले. त्यानेही कधी चिठ्ठी मागितली नाही. पाच महिने झाले. तिसऱ्या महिन्यात पाळी चुकली, मग आलीच नाही. आधी वाटलं दिवस गेले, आणि घाबरले. मग वाटलं पाळी जातेय, आणि त्याहून घाबरले. एके दिवशी वर्गात शिकवताना ब्लाऊज ओला लागला. पदर ओढून घेतला आणि तास पुरा केला. घरी येऊन पाहिलं तर दूध. तू बारा वर्षांची झालेली, आणि मला दूध! गाठ असेल, कॅन्सर असेल, मनात काय काय आलं. बाबांनाही आठवडाभर बोलले नाही.

शेवटी ज्या डॉक्टरबाईंकडे गेले, त्यांनी तपासण्याआधी विचारलं, "गोळ्या कुठल्या घेता?" मी म्हटलं, कुठल्याच नाही. पित्ताची गोळी ही गोळी असते, असं मला वाटलंच नव्हतं. त्यांनी रिकामी पट्टी मागवून घेतली आणि मागचं बारीक अक्षर चष्मा वर करून वाचलं. पित्त कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीला लेव्होसल्पिराइड. पोट लवकर रिकामं व्हावं म्हणून घालतात, पण जात मानसिक आजारावरच्या औषधांची. ते डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची वाट अडवतं. आणि डोपामिनच तर प्रोलॅक्टिनला वेसण घालून असतं. वेसण सुटली. माझं प्रोलॅक्टिन पंचवीसच्या आत असायला हवं, ते दीडशेच्या वर गेलेलं. ते वाढलं की जीएनआरएचचे ठोके मंदावतात, पाळी थांबते. तुझ्या पान अकरावरची आकृती, मनू, माझ्या अंगात पाच महिने चालू होती.

कॅप्सूल बंद केली. दूध आटलं, आणि दोन महिन्यांनी पाळी आली. त्या दिवशी मी तुमच्यासाठी शिरा केला होता. कशाबद्दल म्हणून तू विचारलंस, मी म्हटलं, रवा जुना झालाय.

तेव्हा तुला सांगायला हवं होतं. लाज वाटली, दुसरं काही नाही. बाकी प्रकरण छान आहे. 'पियुषिका' लिहिलंयस तिथे पी आणि यू दोन्ही दीर्घ कर, आणि ती दहा ओळींची जागा वाढव.

आणखी एक. मावशीची पाळी चार महिने आली नाही. ती म्हणते वयामुळे. पण तिचंही पित्ताचं सारखं चालू असतं. तिच्या डब्यातल्या पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवलाय. माझ्या चष्म्याला नाव लागत नाही. रात्री बघून फोन कर.

तुझी
आई