पत्र्याखाली राहणाऱ्यांनाही विचारा

महोदय,

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे हवा तापवणारे वायू जेवढे सोडू तेवढे शोषूनही घेण्याचे, ध्येय त्यात आहे. चांगलेच आहे, पण गोवंडीच्या आमच्या गल्लीत वीज जपून वापरायला कुणाला शिकवावे लागत नाही! मे महिन्यात पत्र्याखाली बसून मी साड्यांना फॉल-बिडिंग करते. घामाचा डाग पडला की मजुरी गेली. पाणी आधी कुठे तुंबते, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, हे आम्हा बायकांना तोंडपाठ आहे. म्हणून आराखड्याच्या बैठका वस्तीतच घ्या, तेही संध्याकाळी. सकाळी नळाला पाणी येते. रोपे वाटण्याआधी ती लावायला जागा आहे का, तेवढे बघा. आम्हाला आधी पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग हवा आहे.

– एक गृहिणी, गोवंडी